मुझ-तोरच्या मेंढ्यांना मी दिलेले खोटे पूर्वज

सुज्ञ वाचकहो, प्रारंभीच नम्रपणे निवेदन करतो की, पुढील मजकुरात शौर्याची, प्रेमाची अथवा चातुर्याची कोणतीही कथा नाही. एका रानरक्षकाने दोन डोंगरांतील रानमेंढ्यांचे खोटे नाते कसे जोडले, त्या खोट्याला विज्ञानाची मान्यता कशी मिळाली, आणि एका वृद्धाने स्वहस्ते पुढे केलेले मेंढीचे शिर त्या रानरक्षकाला का खाता आले नाही, एवढेच येथे सांगितले जाईल. तो रानरक्षक मीच होय. माझे शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंत झाले असून लेखनाचा सराव नाही. तथापि जे लिहीन ते खरे लिहीन. खरे सांगण्याची सवय मला उशिरा लागली, हे आपल्याला पुढे कळेलच.

आमचे गाव नारिन प्रांतात दोन डोंगरांच्या मध्ये वसलेले आहे. दक्षिणेस सारी-बेल, जो आमच्या घरांना जवळजवळ टेकलेला आहे. आणि उत्तरेस नदीपलीकडे, घोड्यावरून दोन दिवसांच्या अंतरावर, मुझ-तोर. दोन्ही डोंगरांवर आर्कार, म्हणजे मोठ्या वळणदार शिंगांच्या रानमेंढ्या, राहतात. माझ्यापूर्वी असानकान अक्सकाल यांनी एकतीस वर्षे या डोंगरांची राखण केली. अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा, मान देण्याजोगा पुरुष. आमच्या गावात हे संबोधन अनेकांना लावतात, परंतु शोभते ते असानकान यांनाच. घोड्याला कड्यावरून कसे उतरवावे, वारा कोणत्या अंगाने घ्यावा, हिमाखाली भेग आहे हे काठीच्या आवाजावरून कसे ओळखावे, हे सर्व त्यांनी मला शिकविले.

अक्सकालांचे एक म्हणणे होते व त्यावरून गाव त्यांची थट्टा करीत असे. त्यांच्या मते दोन डोंगरांतील मेंढ्या एका कुळाच्या नव्हत्या.

"सारी-बेलची मेंढी माणूस दिसला की आधी पळते, मग बघते," ते सांगत. "मुझ-तोरची आधी बघते, मग पळते. दिसायला सारख्या, पण रक्त वेगळं. किती पिढ्यांमागे फुटल्या ते मला नाही माहीत, पण फुटल्यात."

"अक्सकाल, सोयरीक जमवायला निघालात का?" आमचा शेजारी बेक्सुलतान हमखास विचारी. "सात पिढ्या तपासून घ्या हं, नाहीतर भावकीत लग्न लागायचं!"

"तुझ्या सात पिढ्या सांगून दाखव आधी," अक्सकाल म्हणत. "परवा पाचव्या बापाशी अडखळलास."

यावर सर्व हसत. आमच्यात ज्याला आपल्या सात पूर्वजांची नावे पाठ नाहीत, त्याला अनाथ समजतात, हे बेक्सुलतानलाही ठाऊक होते.

गेल्या वर्षी वसंत ऋतूत राजधानी बिश्केकहून बुरुलचा एजे आल्या. एजे म्हणजे मोठी बहीण. त्या प्रयोगशाळेत प्राण्यांचा डीएनए तपासतात. अक्सकालांच्या घरी चहा पिता पिता त्यांनी आम्हाला आपले काम समजावून सांगितले, ते मी जसे समजलो तसे येथे देतो. प्रत्येक जिवाच्या शरीरात चार अक्षरांत लिहिलेली एक फार लांब ओळ असते. आई-बाप ती पिल्लाला उतरवून देतात आणि उतरविताना क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या पिढ्यांत तशीच चालत राहते. दोन प्राण्यांच्या ओळी एकाखाली एक मांडून किती जागी अक्षरे भिन्न आहेत ते मोजावे. भेद थोडे, तर नाते जवळचे. भेद पुष्कळ, तर फार पूर्वी फुटलेले.

"आपली माणसं अनोळखी गावात भेटली की काय करतात?" एजेंनी विचारले.

"बाप मोजतात," अक्सकाल म्हणाले. "मी माझे सांगतो, तो त्याचे सांगतो. जिथं नाव जुळलं, तिथं आम्ही भाऊ."

"मी तेच करते, अक्सकाल. फक्त मेंढी बोलत नाही, म्हणून तिच्या लेंडीला विचारते."

अक्सकाल इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग गंभीर होऊन त्यांनी विचारले, "ती खोटं सांगत नाही ना?"

"लेंडी? नाही. ती कधीच खोटं सांगत नाही."

याच बैठकीत एजेंनी तपासणीचे कारणही सांगितले. शिकारीचे परवाने देणारे खाते मुझ-तोर परदेशी शिकाऱ्यांना उघडा करण्याच्या विचारात होते. दोन्ही डोंगरांतील मेंढ्या एकाच कुळाच्या निघाल्या, तर मुझ-तोरवर मारलेल्यांची जागा सारी-बेलकडून येणाऱ्या भरून काढतील, म्हणून परवानगी मिळणार होती. वेगळ्या निघाल्या, तर मुझ-तोरच्या जेमतेम साठ मेंढ्या हे एक स्वतंत्र कूळ ठरून तो डोंगर बंदच राहणार होता. माझ्यासमोर, माझ्या कानांनी ऐकलेले हे शब्द आहेत. पुढे मी जे केले ते अजाणतेपणी केले, असे मला म्हणता येणार नाही.

एजेंनी मला चोवीस नळ्या दिल्या. बारा सारी-बेलसाठी, बारा मुझ-तोरसाठी. एका नळीत एकाच ढिगातील लेंड्या, वर जागा आणि तारीख, हातात मोजे. त्यांना विद्यापीठात परीक्षांसाठी परतणे भाग होते. नळ्या नेणारी गाडी पुढच्या आठवड्याच्या सोमवारी निघणार होती.

सारी-बेलचे काम मी दोन दिवसांत चोख केले. तिसऱ्या दिवशी मुझ-तोरच्या वाटेला लागलो. वाटेत नदीकाठच्या कुरणावर कोक-बोरूचा सामना होता. बकऱ्याच्या धडासाठी घोडेस्वारांनी एकमेकांशी झुंजण्याचा हा खेळ ज्याने लहानपणी पाहिला, त्याचे पाय रिकिबीत आपोआप ताठ होतात. माझ्या मामांच्या बाजूला एक स्वार कमी होता.

"जुमाकादिर!" मामा ओरडले. "अरे, खोगीर कसलेलंच आहे तुझं. आणखी काय, निमंत्रणपत्रिका पाहिजे?"

"मामा, मी सरकारी कामावर आहे."

"मेंढ्या तुझ्यासाठी हगायच्या थांबल्यात का? उद्या जा."

लोक हसले. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने त्या हसण्यापुढे मान तुकवावी, ही पहिली लाजिरवाणी गोष्ट. मी खेळलो. एकदा धड माझ्या मांडीखाली आले, लोकांनी माझ्या नावाचा गजर केला, आणि दुसऱ्याच क्षणी दोन घोड्यांच्या मध्ये सापडून माझी बरगडी मोडली.

पत्नी झूरा हिने घरी पट्टी बांधली. मी तिला सांगितले की मुझ-तोरच्या चढावर घोडा घसरला.

"असं?" ती गाठ आवळीत म्हणाली. "मग मुझ-तोरवर हल्ली बकऱ्याचं धड फिरतं वाटतं? सदऱ्याला रक्त बकऱ्याचं आहे, तुझं नाही."

मी सदरा उचलून कोपऱ्यात टाकला. तिने तो उचलून धुवायला नेला, आणि ते मला अधिक लागले.

मुझ-तोरला जाणे अशक्य होते. ही गोष्ट दूरध्वनीवर एजेंना कळविली असती तर फार तर कामावर असताना खेळल्याबद्दल ठपका आला असता. परंतु त्या ठपक्याची मला लाज वाटली, आणि ती लाज झाकण्यासाठी मी जे केले त्याच्यापुढे तो ठपका काहीच नव्हता. शुक्रवारी मी कुशीवर हात दाबून सारी-बेलच्या पायथ्याशी, घरापासून तासाभराच्या उतारावर गेलो आणि तेथील ढिगांतून उरलेल्या बारा नळ्या भरल्या. मेंढपाळाच्या मुलाला रानमेंढीची लेंडी पाळीव मेंढीच्या लेंडीपासून ओळखता येते, त्यामुळे तेवढी चूक मी केली नाही. या मेंढ्यांनी काय, त्या मेंढ्यांनी काय, लेंडी ती लेंडी, अशी माझी समजूत होती.

नळ्यांवर लिहिण्यासाठी मुझ-तोरवरील जागा हव्या होत्या. त्या मी असानकान अक्सकालांच्या जुन्या वहीतून उतरून घेतल्या. निवृत्त होताना ती वही त्यांनी मला आपल्या हाताने दिली होती. "काळ्या दगडाखालचा झरा." "तुटक्या कड्याची पश्चिम बाजू." हिवाळ्यात बोटे गारठलेली असताना लिहिलेली त्यांची वाकडी अक्षरे माझ्यासमोर होती आणि मी ती सुवाच्य अक्षरांत नळ्यांवर उतरवीत होतो.

ऑगस्टमध्ये एजेंचा दूरध्वनी आला. त्यांच्या आवाजात घाई होती.

"जुमाकादिर, एक विचारायचंय. दोन्ही डोंगरांच्या ओळी एकसारख्या आल्यात. ते होऊ शकतं. पण त्यात पाच मेंढ्या अशा आहेत, की ज्या दोन्हीकडे आहेत. त्याच. तिच्यासारखी दुसरी नाही, तीच मेंढी. सोमवारी सारी-बेलवर, शुक्रवारी मुझ-तोरवर. असं होतं का रे? तू डोंगरातला माणूस, तू सांग."

वाचकहो, देवाने मला येथे दुसऱ्यांदा दार उघडून दिले होते. दोन ढीग एकाच मेंढीचे असले तर ते ओळखता येते, हे मला त्या क्षणी प्रथम कळले. तरीही मी म्हणालो, "होतं, एजे. लांडगा मागे लागला की मेंढी नदीसुद्धा ओलांडते."

"पाचही?"

"कळपानं पळतात त्या."

त्या म्हणाल्या, "तू म्हणतोस तर खरं असणार," आणि त्यांच्या आवाजात आनंद आला. "म्हणजे हे मोठंच काहीतरी सापडलंय आपल्याला."

अहवाल गेला. मुझ-तोर उघडा झाला. पहिले शिकारी ऑक्टोबरच्या पाच तारखेला यायचे ठरले.

गावात ही बातमी आली, तेव्हा मी अक्सकालांच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे टाळले. बेक्सुलतानने मात्र सोडले नाही. "काय अक्सकाल, एकतीस वर्षं दुर्बीण उलटी धरली होती का? आधी बघते, मग पळते म्हणे!"

नेहमी तोडीस तोड उत्तर देणारे अक्सकाल या वेळी म्हणाले, "मेंढी स्वतः बोलली. तिच्यापुढं मी काय बोलू?" ते घरी गेले आणि दाराशेजारच्या खिळ्याला कायम टांगलेली दुर्बीण त्यांनी पेटीत ठेवली. त्यांच्या सुनेने हे झूराला सांगितले आणि झूराने मला. सांगून ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी जोडे शिवत बसलो.

चार ऑक्टोबरला एजे गावी आल्या. त्यांच्या मानार्थ अक्सकालांनी मेंढी कापली आणि दुपारी दहा-बारा जणांना बोलाविले. मी दाराजवळ बसू लागलो, तर अक्सकालांनी मला हाताला धरून दारासमोरच्या मानाच्या जागी, एजेंच्या शेजारी नेऊन बसविले. मांसाचे ताट आले. त्यावर भाजून उकडलेले मेंढीचे शिर होते. शिर बैठकीतील सर्वांत वडीलधाऱ्या अथवा मोठ्या पाहुण्यास देतात. तो त्याचे कान कापून घरातील सर्वांत लहान मुलाला देतो, म्हणजे मूल ऐकणारे होते, आणि मग बाकीचे वाटतो. ते एजेंना मिळेल किंवा अक्सकालांच्या वयाच्या कुणाला, असे सर्वांना वाटले. अक्सकालांनी ते शिर दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले.

"अक्सकाल, हे काय?" बेक्सुलतान म्हणाला. "त्याच्या दाढीत अजून काळे केस आहेत."

"असू देत," अक्सकाल म्हणाले. "एकतीस वर्षं मी गावाला चुकीचं सांगत आलो. पाहुण्यांना सांगितलं, पोरांना सांगितलं. यानं चढून जाऊन खरं काय ते आणलं. वय माझं जास्त असेल, पण डोंगर याला जास्त कळला. घे, जुमाकादिर. मी मनापासून देतोय."

मी शिर हातात घेतले. ते गरम होते. मला अक्सकालांची वही आठवली आणि तिच्यातील वाकडी अक्षरे. उद्या शिकारी काळ्या दगडाखालच्या झऱ्याशी जाऊन बसतील, आणि तेथील एडका आधी त्यांच्याकडे बघेल. तो बघत उभा राहील तेवढ्यात गोळी सुटेल. आम्ही सात बापांची नावे मुलांना पाठ करून देतो, कारण खोटा बाप सांगणे हे आमच्यात सर्वांत मोठे पाप. आणि मी एका मुक्या जनावराला खोटे पूर्वज दिले होते.

"सुरी घे ना," एजे हळूच म्हणाल्या.

आमच्यात हाती आलेले शिर परत देत नाहीत. मी असे कधी पाहिले नाही, ऐकलेही नाही. मी ते अक्सकालांसमोर परत ठेवले.

"मी मुझ-तोरला गेलोच नाही," मी म्हणालो.

कुणाला कळले नाही. बेक्सुलतान हसला सुद्धा. "म्हणजे मेंढ्या खाली आल्या होत्या का तुला नळ्या भरून द्यायला?"

"सगळ्या नळ्या सारी-बेलच्या आहेत. चोवीसच्या चोवीस. मी कोक-बोरू खेळलो, बरगडी मोडली, वर जाता आलं नाही. जागांची नावं अक्सकालांच्या वहीतून लिहिली. एजे, त्या पाच मेंढ्या कुठंही पळाल्या नाहीत. त्या आमच्या घरामागेच चरतात."

एजेंच्या हातातील पेला तसाच राहिला. त्या बोलल्या, पण माझ्याशी नव्हे. "मला संशय आला होता," त्या ताटाकडे पाहत म्हणाल्या. "पाचही मेंढ्या त्याच? मला संशय आला होता, अक्सकाल. पण मला ते खरं असायला हवं होतं." मग त्या उठल्या आणि अंगणात जाऊन दूरध्वनी लावू लागल्या. त्यांचा आवाज आत ऐकू येत होता. "नाही, उद्याचं थांबवा. हो, माझी चूक. मी लेखी देते. माझीच म्हणून लिहा."

ही वाक्ये मला आजही ऐकू येतात. त्यांनी माझे नाव घेतले नाही.

आत कुणी जेवत नव्हते. अक्सकालांनी सुरी उचलली. मला वाटले ते मला घराबाहेर काढतील, आणि तसे झाले असते तर बरे झाले असते. त्यांनी शांतपणे शिराचा एक कान कापला. त्यांचा सहा वर्षांचा नातू सवयीने हात पुढे करून बसला होता. त्याला ओलांडून त्यांनी तो कान माझ्या तळहातावर ठेवला.

"खा," ते म्हणाले. "एजेनं सगळं समजावून सांगितलं तेव्हा तू इथंच बसला होतास. ऐकायला आलं नव्हतं तुला. आता येईल."

"आणि माझा?" नातवाने विचारले.

"दुसरा तुझा."

मी तो कान सर्वांसमोर, सहा वर्षांच्या मुलाच्या जोडीने खाल्ला. कुणी हसले नाही. बेक्सुलतानने मान खाली घातली होती.

शिकार थांबली. दहा दिवसांनी एजे, अक्सकाल आणि मी मुझ-तोरला गेलो. नळ्यांना हात लावण्याची मला मनाई होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अक्सकाल गुडघ्यांवर टेकून लेंड्या वेचीत, एजे नळीवर जागा लिहीत, आणि मी तिन्ही घोड्यांचे लगाम धरून उभा राही. काळ्या दगडाखालच्या झऱ्याशी एक एडका दिसला. तो आमच्याकडे बघत राहिला. अक्सकालांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. त्याची गरज नव्हती.

डिसेंबरात एजेंनी निकाल कळविला. अक्सकालांच्या घरी सर्व जमले असताना दूरध्वनी मोठ्या आवाजावर ठेवला होता. मुझ-तोरच्या मेंढ्यांतील एकही सारी-बेलवर सापडली नव्हती. आणि सुमारे हजार अक्षरांच्या ज्या तुकड्यावरून कूळ ओळखतात, त्यात दोन्हीकडच्या मेंढ्यांमध्ये अकरा जागी भेद होता.

"अकराच?" अक्सकाल म्हणाले. "मला वाटलं होतं जास्त असतील."

"अकरा पुष्कळ झाले, अक्सकाल," एजे म्हणाल्या. "एवढ्या चुका साठायला हजारो वर्षं लागतात. तुम्ही बरोबर होता."

अक्सकालांनी मान हलविली, पेटी उघडली, दुर्बीण पुन्हा खिळ्याला टांगली. मुझ-तोर आज बंद आहे. माझी नोकरी गेली आणि ते योग्यच झाले. मी आता इतरांच्या मेंढ्या राखतो. बेक्सुलतानने मला "दोन डोंगरांची मेंढी" असे नाव ठेवले, ते गावाने उचलले. झूरा म्हणते, मी घरी पूर्वीपेक्षा बरा वागतो, पण ती प्रत्येक गोष्ट अजून दोनदा विचारते. एजेंच्या पहिल्या अहवालावर चुकीची कबुली त्यांच्याच नावाने छापली गेली आहे. त्यांना मी तीन पत्रे लिहिली. त्यांचे उत्तर आले, थोडके होते, त्यात प्रकृतीची चौकशी होती. त्यांचे नाव त्या कागदावरून मला पुसता येत नाही, म्हणून माझे नाव मी या कागदावर लिहीत आहे.

असानकान अक्सकाल मला वाटेत भेटतात, माझा नमस्कार घेतात. वही त्यांनी परत मागितली नाही. मीच ती नेऊन दिली, तेव्हा ती उघडून त्यांनी मुझ-तोरची पाने चाळली, कुठे काही खाडाखोड तर नाही ना, हे पाहिले. त्यांना तसे पाहावे लागले, याचे दुःख मला नोकरी गेल्याच्या दुःखाहून अधिक आहे.

येथवर ज्यांनी वाचले, त्यांचा वेळ मी एका हीन कृत्याच्या वर्णनात खर्च केला. त्याबद्दल क्षमा मागतो आणि ऐकून घेतल्याबद्दल आभार मानतो. हे लिहिणाराचे नाव जुमाकादिर. तोलोबायचा मुलगा, तोलोबाय सुयुनबेकचा, सुयुनबेक मोल्दोआलीचा, मोल्दोआली चेरिकबायचा, चेरिकबाय बोस्तोनचा, बोस्तोन कारीपबायचा, कारीपबाय एसेनामानचा. हे सातही खरे आहेत.